फळ्यावरची दोन नावं

आमची नोटीस लागली त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी एकटाच ती बघायला गेलो. विवाह नोंदणी कार्यालयाच्या भिंतीवर लाकडी चौकटीचा फलक, त्यावर पाच-सहा कागद टाचलेले. आमचा खालून दुसरा. माझं नाव, वय ४७, विधुर. त्याखाली तिचं नाव, वय ४७, घटस्फोटित. दोघांचे फोटो, पत्ते, सह्या, शिक्का. दारातून येणाऱ्या वाऱ्याने कागदाचा एक कोपरा उडत होता. तो मी अंगठ्याने दाबून धरला आणि बराच वेळ तसाच उभा राहिलो.

आमची दोघांची नावं अशी एकाखाली एक, येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचावीत अशी, त्याआधी एकदाच लागली होती. १९९३ साली, दहावीच्या आमच्या वर्गात, फळ्यावर, खडूने.

१९५४ च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करायचं तर आधी नोटीस द्यावी लागते आणि ३० दिवस थांबावं लागतं. आमचा लग्नाचा दिवस तासाभरात उरकला. ते थांबण्याचे ३० दिवस मात्र अजून माझ्या मनातून हलत नाहीत, म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी शाळेचं सांगतो. आमच्या घरी कन्नड, तिच्या घरी तेलुगू, वर्गात मराठी आणि मैदानावर ‘का बे, काय करायलास’. सोलापूरच्या पोरांना यात काही वेगळं वाटत नाही. तिचे आजोबा मागावर काम करायला तेलंगणातून आले आणि पूर्वभागातच राहिले. वडील यंत्रमागावर चादरी विणायचे, आई घरी बिड्या वळायची. आम्ही बाळीवेशीकडचे लिंगायत. वडिलांचं छोटं किराणा दुकान. मुलामुलींनी एकमेकांशी बोलायची पद्धत तेव्हा आमच्या शाळेत नव्हती. मी तिला ओळखत होतो ते तिच्या अक्षरावरून. रोजचा सुविचार फळ्यावर ती लिहायची. तिची मराठी अक्षरं तेलुगूसारखी गोल होती. ‘र’सुद्धा गोल, काना जरा आत वळलेला. सुविचार कुठला होता हे मला कधी आठवायचं नाही, अक्षर आठवायचं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक नुकते कुठे झोपले होते. आमच्या घरातली फडताळातली भांडी खाली आली आणि अख्खी गल्ली रस्त्यावर आली. दिवस उजाडला तसं लातूर-उस्मानाबादकडे काय झालंय ते कळू लागलं. जखमींना सोलापूरला आणत होते. पुढचे कितीतरी दिवस लोक घरात झोपायला तयार नव्हते.

शाळा परत सुरू झाली तेव्हा आमच्या वर्गाने कपडे आणि भाकरी गोळा करायचं ठरवलं. आमच्याकडची कडक भाकरी आठवडे-आठवडे टिकते, तीच पाठवायची. घरोघरी जाऊन आम्ही आणायचो आणि शाळेच्या व्हरांड्यात मुली त्या मोजून फडक्यात बांधायच्या. मोजदाद वहीत लिहायचं काम तिचं, पोती उचलून टेम्पोत टाकायचं काम माझं. तेव्हा आम्ही पहिल्यांदा बोललो. ती म्हणायची, “एकशे चाळीस,” मी म्हणायचो, “एकशे चाळीस.” चार दिवस आमचं बोलणं हेच होतं. तेवढ्यावर मी पुढचे दोन महिने काढले.

डिसेंबरात एके दिवशी मी लवकर शाळेत गेलो. वर्गाच्या खिडक्या उघडायची पाळी माझी होती. फळ्यावर तिचा आदल्या दिवशीचा सुविचार तसाच होता. मी खडू घेतला आणि त्याच्याखाली आमची दोघांची नावं लिहिली. एकाजवळ एक कशी दिसतात एवढंच बघायचं होतं. लगेच पुसणार होतो. तेवढ्यात शिपाईकाकांनी खालून हाक मारली, सतरंज्या उचलायला. मी धावत गेलो, घंटा झाली, प्रार्थनेला उभे राहिलो आणि वर्गात परत आलो तोवर सगळ्यांनी वाचलं होतं.

कुणी लिहिलं, असं सरांनी विचारलं. मी बोललो नाही. दोन पोरांनी छड्या खाल्ल्या, त्यांनी काही केलेलं नव्हतं. तिला तासभर उभं केलं. ती वर्गाकडे बघत नव्हती, खिडकीकडे बघत होती. दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांना बोलावलं. ते पाळीवरून तसेच आले होते, केसांत आणि भुवयांवर कापसाचे तंतू बसलेले. ऑफिसातून बाहेर आले आणि तिला पुढे घालून घेऊन गेले. नंतर ती आईबरोबर यायची, आईबरोबर जायची. सुविचार दुसरी मुलगी लिहू लागली. मार्च १९९४ मध्ये परीक्षा झाली. ती पास झाली, माझ्यापेक्षा जास्त गुण मिळाले, आणि तिला कॉलेजात घातलं नाही असं कुणीतरी सांगितलं. एकोणिसाव्या वर्षी भिवंडीला दिली.

मधली वर्षं थोडक्यात. मी बी.कॉम. झालो, अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत एका टॉवेल कारखान्यात हिशेबाला लागलो. लग्न झालं, मुलगा झाला. २०१८ साली बायको आजारात गेली. ती भली बाई होती. तिच्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही, ते तिचं आणि माझं आहे.

तीन वर्षांपूर्वी कारखान्याने काठ शिवायचं काम बाहेर द्यायला सुरुवात केली. टेरी टॉवेल विणून झाला की त्याचे काठ दुमडून शिवावे लागतात. पूर्वभागात घराघरांत मशिनी आहेत, बायका डझनावर काम घेतात. असंच एका ठिकाणाहून आलेलं चलन माझ्या टेबलावर आलं. हॅण्ड टॉवेल, ८५ डझन. आकडे बघायच्या आधी मी अक्षर बघितलं. गोल ‘र’, आत वळलेला काना. त्या दुपारी माझ्याकडून एकही बेरीज नीट झाली नाही.

चलनात दोन डझनांचा फरक होता. खरं तर तो फोनवर मिटला असता. मी स्कूटर काढली आणि गेलो. लांबट खोलीत सहा मशिनी, टॉवेलांचे ढीग, भिंतीवर मार्कंडेय ऋषींचं कॅलेंडर. ती कात्रीने दोरे तोडत बसली होती. सगळ्या पोरी तिला अक्का म्हणत होत्या, म्हणून मीही “अक्का, चलनात जरा फरक आहे” म्हणालो. तिने चष्म्यावरून बघितलं. बघतच राहिली. मग म्हणाली, “तू पोती उचलायचास ना रे भूकंपात?”

 ती भिवंडीहून लेकीला घेऊन परत आली त्याला पंधरा वर्षं झाली होती. तेव्हापासून आम्ही एकाच गावात होतो. मंगळवार पेठेतल्या ज्या दुकानातून ती रिळं घ्यायची त्याच्यासमोर मी दर शनिवारी बँकेत जायचो. आमची गाठ पडली नाही ती नाहीच.

त्यानंतरची दोन-अडीच वर्षं मी पटकन सांगतो, कारण बाहेरून बघणाऱ्याला त्यात काही दिसलं नसतं. चलन न्यायला मी जाऊ लागलो. ती चहा द्यायची. कधी मी शेंगा चटणी न्यायचो, आमच्या अव्वाच्या, म्हणजे आईच्या, हातची, उखळात कुटलेली. तिच्या मशिनीचा पट्टा तुटला तर मी आणून द्यायचो. माझ्या मुलाची परीक्षा असली की ती फोन करायची. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्यामुळे भेट ठरवताना पहिला प्रश्न तिचा असायचा: “तुमच्याकडे पाणी कधी?” तिच्या पाण्याच्या दिवशी मी जायचं नाही आणि माझ्या पाण्याच्या दिवशी तिने फोन करायचा नाही, हा नियम आपोआप पडला होता. एकदा ताप येऊन मी आठ दिवस गेलो नाही. नवव्या दिवशी ती आमच्या घरी आली, अव्वाजवळ बसली आणि मोडक्या कन्नडात म्हणाली, यांना एकटं ठेवू नका. ती गेल्यावर अव्वा मला म्हणाली, “विचार की तिला.”

विचारलं. तिने दोन महिने घेतले. तिच्या लेकीने मला एकटं बोलावून एकच प्रश्न विचारला, “आईचं शिवणकाम सुरू राहील ना?” राहील म्हटल्यावर ती म्हणाली, “मग मला काही नाही.” माझा मुलगा पुण्याहून फोनवर बराच वेळ काही बोलला नाही आणि मग त्याने विचारलं, “आईचा फोटो हॉलमध्येच असेल ना?” तो तिथेच आहे.

कागदपत्रांचं सांगितलं पाहिजे, कारण या वयात लग्न करणाऱ्यांना तिथेच अडखळायला होतं. वयाचा आणि राहण्याचा पुरावा, फोटो, हे सोपं. दोघांपैकी एकजण तरी नोटिशीच्या आधी निदान ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला असावा लागतो, तो प्रश्न आम्हाला नव्हता. मला बायकोचा मृत्यू दाखला जोडायचा होता. तो कपाटातल्या प्लास्टिकच्या पिशवीत होता. काढला आणि परत ठेवला, असं दोन-तीनदा झालं. शेवटी अव्वाने तो काढून टेबलावर ठेवला. तिच्याकडे घटस्फोटाच्या निकालाची नुसती झेरॉक्स होती, आणि कोर्टाची प्रमाणित प्रत लागते. ती आणायला ती लेकीला घेऊन दोनदा जाऊन आली. ज्या गावातून रात्रीच्या गाडीने निघून आली होती तिथे इतक्या वर्षांनी पाय ठेवायचा होता. मी येतो म्हणालो तर नको म्हणाली. दुसऱ्यांदा परत आली तेव्हा स्टेशनवर तिने तो कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “धर. माझा हात दुखला.” कागद तीन पानांचा होता.

८ डिसेंबरला नोटीस दिली. खिडकीमागच्या बाईंनी नीट समजावून सांगितलं. नोटिशीची नोंद एका वहीत होते, ती वही कुणीही फुकट बघू शकतो. फलकावर प्रत लागते. ३० दिवसांत कुणीही आक्षेप घेऊ शकतो, पण कारण कायद्यातलं पाहिजे. आधीचा नवरा किंवा बायको हयात आणि लग्न कायम आहे, वय कमी आहे, संमती देण्याजोगी मनाची स्थिती नाही, किंवा नातं निषिद्ध आहे. जात वेगळी, वय झालं, लोक काय म्हणतील, यांतलं काही चालत नाही. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती रद्द होते आणि परत पहिल्यापासून. लग्नाला तीन साक्षीदार हवेत.

आठव्या दिवशी आमच्या भावकीतले एक काका फलक वाचून आले आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला माहीत झालं. तिचा भाऊ तिच्याशी बोलेनासा झाला. आणखी एक आवई उठली: जानेवारीत म्हणजे पौषात लग्न? पौषात कुणी लग्न करतं का? अव्वाने ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आमच्या सिद्धरामाचं लग्न कधी लागतं मग?” त्यावर कुणी काही बोललं नाही. सोलापुरात त्यावर बोलता येत नाही. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागलं, त्याचा सोहळा दरवर्षी संक्रांतीच्या गड्डा यात्रेत होतो. सात नंदीध्वज तळ्याकाठच्या सम्मती कट्ट्यापाशी येतात, कन्नडमधली सम्मती वाचली जाते आणि पांढऱ्या बाराबंदीतले हजारो लोक अक्षता टाकतात. सगळं गाव त्या लग्नाचं वऱ्हाडी असतं. अव्वा लहानपणापासून त्या अक्षता टाकत आलेली आहे.

आता जे सांगायचं ते. त्या खिडकीमागच्या बाईंचं एक वाक्य मला चिकटून राहिलं होतं. “३० दिवस आक्षेपासाठी मोकळे ठेवलेले असतात.” रोज रात्री मला वाटायचं, एक आक्षेप मलाच माहीत आहे आणि तो घ्यायचा हक्क ज्या माणसाला आहे तिलाच माहीत नाही. तिने एक-दोनदा बोलता बोलता सांगितलं होतं, “माझं शिक्षण फळ्यावर संपलं. कुणी मेल्याने लिहिलं होतं देव जाणे.” मी चहा पीत बसलो होतो. पंधराव्या वर्षी गप्प बसलो ते एक. सत्तेचाळिसाव्या वर्षी तिच्याच हातचा चहा पीत गप्प बसलो ते जास्त वाईट होतं, आणि हे मला तेव्हाच कळत होतं.

२५ डिसेंबरला सुट्टी होती. आम्ही सिद्धेश्वराच्या दर्शनाला गेलो आणि तळ्याच्या पायऱ्यांवर बसलो. उन्हं उतरली होती, पाण्यावर वारा होता. मी सांगितलं. खिडक्या उघडायची पाळी, सुविचार, खडू, शिपाईकाका, सगळं. कारणं द्यायची नाहीत असं ठरवून गेलो होतो, तरी “पुसणार होतो” हे दोनदा तोंडून गेलंच.

ती रागावली असती, रडली असती, तर मला काहीतरी सुचलं असतं. तिने पायातली चप्पल नीट केली, उठली आणि म्हणाली, “उद्या पाणी आहे आमच्याकडे.” आणि रिक्षा करून गेली.

फोन मी केला नाही. तो तिच्यावर आणखी एक भार झाला असता असं मला वाटलं. दोन दिवसांनी टॉवेल आले. चलन दुसऱ्या कुणाच्या अक्षरात होतं, बहुतेक तिच्याकडच्या नव्या मुलीच्या. त्यानंतरचंही. त्यानंतरचंही. मी ती चलनं फाइलला लावताना मला वर्ग आठवायचा, सुविचार दुसरी मुलगी लिहू लागली होती तो. नोटीस फलकावर तशीच होती. जाऊन बघितली. तिच्या बाजूच्या दोन नोटिसा उतरल्या होत्या, त्यांचे दिवस भरले होते.

३ जानेवारीला, शनिवारी, चलन आलं तिच्या अक्षरात. बाथ टॉवेल, ४० डझन. खाली, जिथे मालाबद्दल शेरा लिहितात तिथे, लिहिलं होतं: “रविवारी घरी ये. हे सगळं अम्माला सांग.”

अम्मा म्हणजे तिची आई, वय ७८. संक्रांतीसाठी सकिनालू करत होती. तांदळाचं पीठ, तीळ, ओवा. ओल्या पिठाची बारीक दोरी बोटांनी पीळ देत गोल-गोल फिरवायची आणि कापडावर ठेवायची, मग तळायची. ज्या बोटांनी चाळीस वर्षं तेंदूपानात तंबाखू भरून दोरा गुंडाळला ती बोटं. मी समोर बसलो. ती दाराला टेकून उभी होती. मी मराठीत सांगत होतो आणि माझा मराठी शब्द अडला की ती तेलुगूत सांगत होती. स्वतःची गोष्ट, स्वतःच्या आईला, माझ्या बाजूने. तिच्या आवाजात काही चढउतार नव्हता.

अम्माने हात थांबवला नाही. एक सकिनाल पुरं केलं, दुसरं सुरू केलं. मग बोलली. तेलुगूत, सावकाश, मला कळावं म्हणून मध्येमध्ये मराठीत.

“फळ्यामुळे नाही, बिड्डा. थोरलीच्या लग्नाचं कर्ज होतं. तिचा बाप मागावर दोन-दोन पाळ्या करायचा. मी दिवसाला हजार बिड्या वळायची. ही घरी बसून पाचशे वळली तर व्याज निघत होतं. हुशार पोरीला तोंडावर कसं सांगायचं, की तुझी बोटं पाहिजेत म्हणून तुला घरी बसवतो? फळ्याचं झालं, कारण आयतं मिळालं. तिच्या बापाने तेच धरलं. मीपण गप्प बसले.”

तिने मान वर केली आणि लेकीला म्हणाली, “तुला सांगायचं राहिलं.”

मी खाली बघत होतो. माझं ओझं कमी झालं का? काही अंशी, होय. पण ज्या बाईला एका दहा दिवसांत तिच्या आयुष्याचं कारण दोनदा बदलून मिळालं तिच्यासमोर मला हलकं वाटून घ्यायचीसुद्धा लाज वाटली. ती दारातून आत आली, आईसमोर बसली आणि पिठाचा गोळा उचलून सकिनालू करू लागली. तिघंही बोलत नव्हतो. कापडाचा अर्धा भाग भरल्यावर ती म्हणाली, “हजार-पाचशे. मला आकडा आठवतो. मला वाटायचं तू मला शिक्षा म्हणून बसवतेस.” अम्मा रडली नाही. तिने पदराने लेकीच्या गालावरचं पीठ पुसलं.

मला रस्त्यापर्यंत सोडायला ती बाहेर आली. मी विचारलं, “आक्षेप?” ती म्हणाली, “आहे. त्या दोन पोरांनी छड्या खाल्ल्या त्यांना शोध आणि सांग.” एक जण मला गाठता आला, कुर्डुवाडीला असतो. त्याला फोन करून सांगितलं. त्याला तो प्रसंग आठवतच नव्हता. दुसऱ्याचा पत्ता अजून लागलेला नाही, शोधतोय.

७ जानेवारीला नोटिशीचे दिवस भरले. एकही लेखी आक्षेप नव्हता. लग्नाची तारीख १२ जानेवारी मिळाली. तो सोलापूरचा हुतात्मा दिन. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १९३१ साली याच दिवशी येरवड्यात फाशी दिलं. सकाळी जाताना हुतात्मा चौकात चारही पुतळ्यांना हार घातलेले होते. रिक्षातून उतरून आम्ही हात जोडले आणि पुढे गेलो. मुलगा आदल्या रात्री पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेसनेच आला होता.

साक्षीदार तीन: माझा मुलगा, तिची लेक आणि अम्मा. आधी साक्षीदारांसह सगळ्यांच्या सह्यांचं घोषणापत्र होतं. मग अधिकाऱ्यांसमोर दोघांनी एकेक वाक्य म्हणायचं, की मी तुझा कायदेशीर पत्नी म्हणून, पती म्हणून स्वीकार करतो, करते. दोघांना समजेल अशा कुठल्याही भाषेत ते म्हणता येतं. मी मराठीत म्हटलं. तिने मराठीत म्हटलं आणि मग आईकडे वळून तेच तेलुगूत म्हटलं. अधिकाऱ्यांनी तेवढा वेळ पेन खाली ठेवलं. माझ्या मुलाने माझ्या पाठीवर हात ठेवला होता, तो मी सही करेपर्यंत काढला नाही.

विवाह प्रमाणपत्राच्या पुस्तकात तिने सही केली. गोल अक्षर, आत वळलेला काना. मी तिच्या शेजारी केली. मग अम्माची पाळी आली. अंगठा चालेल, असं मुलगी म्हणाली. अम्माने मान हलवली, पेन बिडीसारखं दोन बोटांत धरलं आणि तेलुगूत नाव लिहायला सुरुवात केली. एकेक अक्षर, थांबून, श्वास घेऊन. मागे दुसरं जोडपं वाट बघत होतं, तेही थांबलं. पाच-सहा मिनिटं लागली असतील. पुरं झाल्यावर तिने ते लांब धरून बघितलं आणि लेकीला विचारलं, बरोबर आहे का. ती म्हणाली, बरोबर आहे.

बाहेर फलकापाशी मी थांबलो. आमचा कागद उतरवला होता, चार टाचण्यांच्या जागा तेवढ्या दिसत होत्या. ती अम्माला धरून पायऱ्या उतरत होती. खाली पोचल्यावर तिने वळून बघितलं.

“इंटिकि पोदामा?” म्हणाली. घरी जायचं ना? आणि लगेच मराठीत, “चल की लवकर. आज पाणी आहे.”